थर्माकोलचा अल्हाम्ब्रा

अमेरिकेतलं, अल्फारेटाचं घर सोडलं त्या आठवड्यात आपण जेवणाच्या टेबलावर थर्माकोलचा अल्हाम्ब्रा करत होतो. तुमच्या बाबांची नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती. नवी नोकरी मिळाली नाही तर तुम्हा सगळ्यांना पुण्याला परतावं लागणार होतं. मला नाही, तुमच्या आत्यामुळे माझं ग्रीन कार्ड झालेलं. घर विकलं गेलं होतं, पण तुमच्या शाळेचा प्रोजेक्ट बाकी होता, आणि मी आयुष्यभर इतिहास शिकवलेला.

मी सांगत होते : स्पेनमधल्या ग्रानाडाच्या टेकडीवर आधी नुसता तांबूस भिंतींचा किल्ला होता. मुसलमान सुलतानांनी त्यात महाल बांधले, नदीचं पाणी पाटाने वर आणलं. पुढे ख्रिस्ती राजाला खंडणी देत, राज्य आक्रसत असतानाही ते भिंतींवर नक्षी कोरतच राहिले.

"हरत होते तर डेकोरेट का करत होते?" धाकटीने विचारलं.

"आपण नाही का यंदा किचन रिमॉडेल केलं?" बाबा लॅपटॉपमागून म्हणाले.

शेवटच्या सुलतानाने महाल शत्रूच्या हवाली केला आणि जाताना वळून पाहिलं, तेव्हा त्याला रडू आलं. दंतकथा अशी, की त्याची आई म्हणाली, मर्दासारखं राखता आलं नाही, आता बायकांसारखा रडतोस काय!

"आजी, दॅट्स सो मीन!"

"आई, तू काय म्हणशील?" बाबांनी मला विचारलं. त्यांच्या स्क्रीनवर आणखी एक नकार आलेला मला दिसत होता.

"आमटी गार होतेय," मी म्हटलं.

शेवटी पुण्याचंच विमान धरायला तुमची टॅक्सी एका सकाळी गेली. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या मागे लगेच केर काढत नाहीत. काढला तर ते परत येत नाही म्हणतात. माझा विश्वास नव्हता, तरी मी कधी काढला नव्हता. आता दुपारच्या आत घर झाडून नव्या मालकांच्या ताब्यात द्यायचं होतं.

मला ट्रॉयला, तिच्या घरी न्यायला आलेली तुमची आत्या म्हणाली, "आई, दे इकडे, मी करते."

मी व्हॅक्यूम सोडला नाही, सुरूही केला नाही. शेवटी घराची एजंट बाई येऊन घड्याळ बघत उभी राहिली. मी हॉल केला, जिना केला. तुमच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"दिस वन टू," एजंट बाई दार उघडून म्हणाली.

मग मी त्या खोलीचाही केर काढला.