जवाई आणि केबलचा ड्रम

केबलच्या ड्रमला नातं कळत नाही, हे मी आमच्या टोळीला सांगून सांगून थकलो. ठेकेदाराकडे केबल टाकणाऱ्या टोळीचा मी मुकादम. भंडाऱ्यापासून शहापूर, जवाहरनगरपर्यंत कुठेही नवी चर खोदलेली दिसली तर समजा, आम्ही आसपासच आहोत. माणसं सगळी माझ्याच गावची, म्हणजे कुणी काका, कुणी मामा. कामावर घरचीच माणसं असावीत म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी आमची टोळी एक दिवस सांभाळून दाखवावी.

हातमोजे आहेत, पण ते खिशात. कारण हातमोजे घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता येत नाही. ड्रम सरकू नये म्हणून खाली लावायच्या लाकडी पाचरी आहेत, पण त्या ट्रकमध्ये. कारण रस्त्याच्या कडेला दगड काय कमी आहेत? "इतके वर्स झाले, काई झालं काय?" असं वर मलाच विचारतात. काही झालं नाही म्हणून शहाणपणही आलं नाही.

त्यात यंदा जवाई आले. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरचं धानाचं रोवणं आटोपलं, हाताला काम नव्हतं, म्हणून बाबा म्हणाले, "जवायले तुह्या टोळीत घे." घेतलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की माझी मुकादमकी गेली. जवायाला उन्हात उभं करायचं नाही, चर खोदायला लावायचं नाही, चारचौघांत टोकायचं तर नाहीच नाही. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाला असतो. तो मी पिळला, आणि जवायावरचा माझा अधिकार तिथंच संपला.

जवाई आळशी असते तरी परवडलं असतं. पण ते कामाला भलतेच हौशी. जन्मभर बैलबंडी हाकलेला माणूस. उतारावर बंडी निघाली की पुढे जाऊन खांदा लावायची त्यांची सवय. ट्रकवरून ड्रम उतरू लागला की हे बरोबर खाली, ट्रकला लावलेल्या उतरत्या फळ्यांच्या तोंडाशी, हात पुढे करून हजर.

"जवाईबापू, समोर नका राहू जी. बाजूनं राहा."

"तुमी बिनघोर राहा जी. चाकच तं होय. मी थांबवतो."

अहो, बंडी थांबते. छातीइतका उंच, केबल गच्च गुंडाळलेला ड्रम कुठला थांबतो? हे ओरडून सांगावं असं जिभेवर यायचं आणि मी गिळायचो. रोज गिळायचो, आणि घरी गेल्यावर बायकोवर ओरडायचो. जेवायला बसलो की डोळ्यांसमोर बहिणीचं पांढरं कपाळ यायचं.

त्या दिवशी शहापूरच्या अलीकडे हायवेलगत ड्रम उतरवत होतो. रस्त्याच्या कडेला पाण्यानं भरलेली धानाच्या शेताची बांधी. फळ्या लावल्या, ड्रमला दोर बांधला. वरचे दोघं दोर हळूहळू सोडत होते, अर्थातच हातमोज्यांशिवाय. पावसात भिजलेला दोर त्यांच्या हातातून निसटला. ड्रम फळ्यांवरून सुटला, अडवायला ठेवलेला दगड बाजूला उडाला. समोर जवाई, खांदा देऊन तयार.

'जवाईबापू' म्हणायलाही वेळ नव्हता. मी त्यांची कॉलर धरली आणि अंगातला सगळा जोर लावून त्यांना बांधीत लोटलं. ड्रम त्यांच्या जागेवरून गडगडत गेला आणि पुढच्या नालीत जाऊन आडवा झाला.

टोळी धावत आली. ड्रमकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. "अबे, जवायले पाडलं ना!" एवढंच सगळ्यांच्या तोंडी. जवाई चिखलातून उठले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेले.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबा दारातच उभे.

"जवायले चिखलात लोटलं तू?"

"मंग ड्रमखाली जाऊ द्याचं होतं काय, बाबा?"

"तोंडानं सांगाचं होतं."

"रोज सांगून राहिलो ना!"

"मंग आणखी एक डाव सांगाचं होतं. लोकं काय म्हणतीन?"

डोकं फिरलं माझं. माणूस जिवंत राहिला याचा आनंद कुणालाच नव्हता. माणूस मळला याचं दुःख मात्र गावभर.

शेवटी शर्टाचं कापड आणि नवा दुपट्टा देऊन बाबांनी मला समजूत काढायला पाठवलं. दातओठ खात बहिणीच्या घरी गेलो. जवाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांनी कापड ठेवून घेतलं, पण तोंड वळवलं नाही. बहिणीनं चहा आणून दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. म्हटलं, झालं, ही पण रुसली.

निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. अंगणातल्या दोरीवर तोच शर्ट वाळत होता, मी धरलेली कॉलर पार खांद्यापर्यंत उसवलेली.

"नवं कापड आणलं ना, तो फेकून दे," मी म्हटलं.

"नाई फेकत. टाका बी नाई मारत. रोज दिसला पायजे त्याइले."

मग तिनं एकदा घराकडे पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि आवाज खाली केला. "उद्यापासून येतो म्हणतात कामावर. परत समोर उभे राहिले, तं परत लोटजो, भाऊ."