न आवरलेली खोली

मला लिहिण्याची सवय नाही, आणि दुसऱ्याविषयी लिहिण्याएवढी माझी पोच आहे की नाही, तेही ठाऊक नाही. पण समोरच्या वहिनींविषयी आमच्या इमारतीत जे बोललं जातं ते अर्धवट आहे. लोक म्हणतात, बाई भांडकुदळ. मी त्यांच्या दारासमोर राहतो. त्या भांडल्या हे खरं. पण आधी त्यांना स्वतःशी भांडावं लागलं, ते फारसं कोणाला दिसलं नाही.

वहिनी लॉन्ड्रीत इस्त्री करतात. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. खोली एकच, पण अशी लख्ख की आत पाऊल टाकताना आपल्याच पायांची लाज वाटावी. सासूबाई म्हणायच्या, "ही एक दिवस माझीसुद्धा घडी घालून कपाटात ठेवील."

गेल्या वर्षी भाड्याच्या खोल्या तपासायला पहिल्यांदाच सरकारी निरीक्षक येणार असं कळलं. तपासणी खरं तर मालकाची होती. पण कामाला लागलो आम्ही भाडेकरूच! घरी कोणी येणार म्हटलं की आवरायचं, एवढंच आम्हाला माहीत. सासूबाईंच्या खाटेमागची भिंत ओल धरून काळी पडली होती. वहिनींनी ती घासली, वर चुना फासला, पुढे कपाट ओढलं, वास जावा म्हणून लिंबाची सालं उकळली आणि साहेबांना चहा दिला. साहेब खूश. "घर असावं तर असं," म्हणाले, आणि 'उत्तम' असा शेरा मारून गेले.

थंडीत सासूबाईंचा दम वाढला. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. डॉक्टरीणबाई घरी आल्या, त्यांनी नाक मुरडलं, कपाटामागे डोकावल्या आणि म्हणाल्या, "औषध देते मी, पण आजींना ही भिंत खातेय."

वहिनी मालकांच्या कारभाऱ्याकडे गेल्या. तो हसला. "अहो, तुमची खोली उत्तम आहे. सरकारी माणूस सांगून गेलाय. आता उत्तमाला काय दुरुस्त करायचं?"

वहिनी परतल्या त्या लालबुंद होऊन. "भाऊजी," मला म्हणाल्या, "मीच झाकलं हो. माझ्या या हातांनी."

मग त्यांनी पुन्हा तपासणी मागितली. निरीक्षकांच्या कचेरीत "बघू, बघू" झालं. वहिनी कामावरून सुटल्या की थेट तिथल्या बाकावर जाऊन बसायच्या. शेवटी त्यांना उठवायला म्हणून तरी दिवस ठरवावा लागला. इकडे कारभाऱ्याने दारोदार सांगून ठेवलं, "खोली राहायला नालायक ठरली की तिला कुलूप लागतं. मग त्या दोघी कुठे जातात ते बघा."

वरच्या मजल्यावरची शिक्षिका समजूत घालायला आली. "वहिनी, डोक्यावर छप्पर आहे ते घालवून बसाल."

"छपराचं कोण बोलतंय? मी भिंतीचं बोलतेय."

तपासणीच्या सकाळी वहिनींनी कपाट बाजूला ओढलं, चुना खरवडून काढला. आणि मग सगळ्यांत अवघड ते केलं. काही आवरलं नाही. विस्कटलेलं अंथरूण तसंच, ओलसर चादर तशीच. हात नुसते शिवशिवत होते त्यांचे. फडक्यापर्यंत जायच्या आणि माघारी फिरायच्या. मला राहवेना. दारातून म्हणालो, "वहिनी, निदान हा उंबऱ्यातला कचरा तरी..."

"हात लावू नका त्याला! आज पाहुणा नाही येत, निरीक्षक येतोय!"

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "ही सून आल्यापासून घरात असा पसारा आजच बघतेय. बरं वाटतंय गं, चालू दे."

साहेबांच्या आधी कारभारीच उगवला, रंगाची बादली आणि ब्रश घेऊन. "एक हात मारतो, झालं."

वहिनी तापलेली इस्त्री घेऊन दारात उभ्या राहिल्या. "या की. तुमच्या सदऱ्याची घडी तुमच्या अंगावरच घालून देते."

बादली बाहेरच राहिली.

साहेब आले, गेल्या वर्षीचेच. वहिनी 'या' म्हणाल्या नाहीत, 'बसा' म्हणाल्या नाहीत. चहाचं तर नावच नाही. साहेब बिचारे गोंधळले. शेवटी सासूबाईंनी पाय आखडून जागा केली. "बसा. टेका निवांत." ते भिंतीला टेकून बसले. उठले तेव्हा पाठीवर ओला काळा डाग.

"मागच्या वेळी असं नव्हतं," साहेब म्हणाले.

"होतं. मी तुमच्यासाठी आवरलं होतं."

कारभारी पक्का चलाख. लगेच रडवेला आवाज काढून म्हणाला, "खरंच साहेब, फार वाईट अवस्था. नालायक लिहून टाका. आजच रिकामी करून घेतो."

जिन्यात जमलेले आम्ही सगळे गार पडलो. हीच तर भीती होती. वहिनींचा आवाज मात्र चढला. "लिहा, भिंत नालायक आहे. मी नाही! तिला काढा. मी या इमारतीतून हलणार नाही."

साहेबांनी डोकं खाजवलं. "इमारतीतच दुसरी जागा देऊन दुरुस्ती करा, असा हुकूम मला देता येतो. पण रिकामी खोली हवी ना."

"आहे की!" शिक्षिका ओरडली. तिचं तिलाच नवल वाटलं असावं. "माझ्या शेजारची. कधीपासून बंद आहे. ऊन येतं चांगलं."

"किल्ली मालकांकडे असते," कारभारी म्हणाला. "बघू पुढच्या आठवड्यात."

"भाऊजी, खाटेचा तो पाय धरा," वहिनी म्हणाल्या.

आम्ही सासूबाईंसकट खाट उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवली. आता कोणाला वर जाता येईना की खाली उतरता येईना.

"आजी, वाट सोडा," कारभारी म्हणाला.

"मला दम लागलाय," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

साहेब पायरीवर बसले. हुकूम त्यांनी तिथेच, गुडघ्यावर लिहिला. मग कारभाऱ्याला म्हणाले, "मालकांना फोन लावा. मला जेवायला जायचंय."

मालक घरीच सापडले. धापा टाकत आले, खाली उभं राहून तो सगळा देखावा पाहिला, आणि हात लांब करून सासूबाईंच्या अंगावरून किल्ली वहिनींच्या हातात दिली. खाट वर चढवताना एक पाय साहेबांनीही धरला.

"भिंत झाली की मुकाट्याने खाली यायचं, कळलं ना?" कारभारी खालून ओरडला.

वहिनी कठड्यावरून वाकल्या. "येईन की. ती कोरडी झाली की नाही, ते मी हात लावून ठरवीन. तोवर तुम्ही राहा तिथे!"