काकूंच्या टीव्हीवर काका

जगात घाबरण्यासारखं जे जे काही आहे, ते आमच्या घरमालक काकांनी एकट्याने स्वतःकडे घेतलं होतं. मुलुंडच्या आमच्या इमारतीतली बाकीची मंडळी म्हणूनच इतकी बिनघोर जगत असावीत. काका लिफ्टमध्ये एकटे चढत नसत, कारण ती अडकली तर ओरडायला सोबत कोण? आणि आत बरीच माणसं असली तरी चढत नसत, कारण वजन. ओटीपी आला की आधी खिडकी लावून घेत. कॉम्प्युटर सुरू करताना पायांत रबरी चपला घालत आणि बटण दाबल्यावर मागे सरत. एकदा गॅस बंद केलाय ना, हे बघायला ते स्टेशनजवळून रिक्षा वळवून घरी आले. गॅस बंदच होता, पण मग "बघताना माझ्याच हातून चालू तर झाला नाही ना?" ही नवी काळजी लागली आणि ते कुठेच गेले नाहीत. काकू म्हणायच्या, "अरे, लग्नात अंतरपाट खाली आल्यावर ह्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? 'होमाच्या ठिणग्या उडत नाहीत ना?'"

स्वतः काकूंना कशाचीच भीती नव्हती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. तालुक्याच्या गावातून नोकरीसाठी आलो, तेव्हा ओळखपाळख नसताना त्यांनी मला आतली खोली दिली आणि माझा डबा स्वतःच्या हाताने भरू लागल्या. भाडेकरू हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली, शब्द तुटक झाले आणि चेहरे एकमेकांत मिसळले. काकांना त्या 'दादा' म्हणू लागल्या, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. काका स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस बघून येत.

ओळखीचे फोटो रोज दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी धीर करून कॉम्प्युटरवर स्लाइड शो बनवला. पण कॉम्प्युटर आतल्या खोलीत, आणि काकूंना खुर्चीत बसवेना. त्यांच्या पलंगासमोर होता टीव्ही, आणि टीव्हीवर ती फाइल काही केल्या चालेना. मी म्हटलं, "काका, ह्याचा व्हिडिओ करू. सोपं आहे."

"व्हिडिओ केला की फोटो जातील ना रे? दळण दिल्यावर गहू परत मिळतात का?"

मूळ फाइल तशीच राहते, हे मी परोपरीने समजावलं. तरी त्यांनी जास्तीच्या प्रती करायला लावल्या आणि त्यातला एक पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवला.

मग कॉम्प्युटरने विचारलं, प्रत्येक फोटो किती सेकंद? काकांनी खुर्ची मागे सरकवली.

"स्लाइड शोला मी शेजारी बसलेला असतो. तिचं बघून झालं की पुढचा काढीन. हा व्हिडिओ तिच्यासाठी थांबेल का? ती एकाला ओळखायला जाईल, तोवर दुसराच समोर येईल."

"प्रत्येकाला हवा तेवढा वेळ देऊ, काका."

तेव्हा ते वेळ वाटायला बसले. "तिच्या आईला भरपूर दे. दादालाही. माझ्या आत्याला कमी चालेल, ही धडधाकट होती तेव्हाही हिला आत्या बघवायची नाही." मग एका फोटोवर थांबून म्हणाले, "हा पटकन जाऊ दे."

"काका, हा तर तुमचा!"

"म्हणून तर. तिने माझ्यासमोरच 'हे कोण' म्हणून विचारलं, तर मी काय सांगू?"

त्यांच्या सगळ्या भीतींना मी हसलो होतो. ह्या भीतीला हसता येईना, कारण ती आता मलाही वाटू लागली होती.

रविवारी दुपारी व्हिडिओ लावला. काका टीव्हीच्या स्विचवर बोट ठेवून उभे होते, काही भलतंसलतं झालंच तर बंद करायला. आई आली, काकू हसल्या. दादा आला, "दादा" म्हणाल्या. आत्या आली, त्यांनी तोंड फिरवलं. आणि मग काका आले आणि गेलेसुद्धा.

काकूंचा डावा हात उठला. "मागे... मागे घे."

मी रिमोटने फोटो मागे आणला आणि थांबवला. त्यात खाडीपलीकडे मनोरीला निघालेले तरुण काका होडीची कड दोन्ही हातांनी आवळून, डोळे मिटून बसले होते. काकू बघत राहिल्या. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. एक शब्द यायला किती वेळ लागतो, आणि तो 'कोण' असला तर?

"भित्रट," काकू म्हणाल्या, आणि अर्ध्या ओठांनी हसल्या.

काका गर्रकन वळले. "अगं, लाटा केवढ्या होत्या त्या दिवशी!" एवढंच म्हणाले आणि रडू लागले. फोटोत होडी अजून मार्वेच्या धक्क्यालाच बांधलेली होती, आणि पाणी ताटातल्यासारखं निवांत.

काकूंना काकांचं नाव अजून सापडलेलं नाही; त्यांना 'दादा' मात्र त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. माझी बदली झाली, मी आता बोरिवलीत राहतो. फोन केला की बोलता बोलता मागून ती हाक ऐकू येते, "भित्रट..." आणि "आलो गं, आलो" म्हणत काका फोन तसाच टाकून जातात. मी माझा फोन कानाला धरून बसतो. लांबून दोघांचे आवाज येत राहतात.