पत्र मेघाच्या नावाचं

जानेवारीत आमच्या घरी एक पत्र आलं आणि त्यावरचं भांडण सतरा दिवस पुरलं. लांबट पांढरा लिफाफा, मेघाच्या नावाचा, तिच्या बँकेच्या मुख्य कार्यालयातून आलेला. मेघा आमची एकुलती एक पोरगी, बत्तीस वर्षांची, बँकेत अधिकारी. गेल्या मे महिन्यात वर्षभराची बिनपगारी रजा घेतली म्हणून सांगितलं आणि पाठीवर बॅग टाकून निघाली. थायलंड, लाओस करत व्हिएतनामला पोचली. तिथून तिनं आम्हा दोघांची तिकिटं पाठवली, "दहा दिवस या, सोबत फिरू." आणि ऐन तयारीत हे पत्र.

मी म्हटलं, फोडा. रजेवरच्या माणसाला बँक कशाला पत्र पाठवते? पोरीची नोकरी तर गेली नाही ना?

हे म्हणाले, "नाव मेघाचं हाये. तिच्या हातात पडन."

हे म्हणजे आनंदराव, माझे मिस्टर. चौतीस वर्षं पोस्टमन होते, शेवटची एकोणीस नागपूरच्या नंदनवन भागात. आमचं घर त्यांच्याच बीटमध्ये, म्हणजे पत्रं वाटायच्या हद्दीत पडायचं. मी सुटीत घरी असताना माझ्या भावाचं पत्र आलं की हा माणूस स्वतःच्या दारापुढे सायकलची घंटी वाजवायचा, "प्रेमिलाबाई, पोस्ट!" म्हणून ओरडायचा, पत्र हातात द्यायचा आणि पुढच्या घरी चालू पडायचा. संध्याकाळी घरी आल्यावर विचारायचासुद्धा नाही, भावानं काय लिहिलं म्हणून. मी पारशिवनी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं मास्तरीण होते, हट्टी पोरं पुष्कळ पाहिली. पण असा एक नाही पाहिला.

"बरं, तिले फोनवर विचारा तरी, फोडू का म्हणून."

"दहा दिवसांनी जाऊनच राहिलो ना आपण? देऊ हातात."

"अन् वाईट असलं काही तर?"

"तर दहा दिवस उशिरा समजन. काय बिघडते?"

काय बिघडते म्हणे! माझी झोप बिघडली ती बिघडलीच.

आमच्या दोन्ही घराण्यांत अधिकारी होणारी मेघा पहिली. ह्यांचे वडील गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहत. मेघा तीनदा परीक्षेला बसली, तिसऱ्यांदा पास झाली, तेव्हा हा अबोल माणूस पेढ्यांचा डबा घेऊन आपल्या जुन्या बीटवर घरोघरी फिरला होता. म्हणून नोकरीची भीती मला एकटीला नव्हती. ह्यांनाही होती. फक्त ते दाखवत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग.

निघायच्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर ह्यांनी कहर केला. सामान घेणाऱ्या मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, दुसऱ्या कोणाची वस्तू नाही ना जवळ?"

"हाये," हे म्हणाले. "एक पत्र हाये."

"कोणाचं?"

"नाव लिहिलेलं हाये त्यावर."

"आत काय आहे?"

"मले काय मालूम? बंद हाये ना."

मुलीनं साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाले, उघडून दाखवा. हे म्हणाले, तो अधिकार मले नाही. मागं रांग वाढली. माय वं! शेवटी मी पुढे झाले आणि माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, "अहो, पोरीचं पत्र आहे. बाप पोस्टमन होता, त्याचं हे लचांड आहे. काय तपासायचं ते मशीनमधून तपासा." साहेब हसले, लिफाफा मशीनमधून फिरवला आणि आम्ही सुटलो. मुंबईला विमान बदलेपर्यंत मी ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

हो ची मिन्ह शहरात मेघा विमानतळाच्या दाराशीच उभी होती. वाळली होती पोरगी, उन्हानं रापली होती, पण हसत होती. मी तिला पोटाशी धरलं तेव्हा माझे डोळे भरून आले. हे बाजूला उभे. माझं झालं तसा त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून लिफाफा काढला.

"तुझं हाये."

मेघानं बँकेचं नाव वाचलं आणि तिचं हसू गेलं. लिफाफा तसाच बॅगेत कोंबून ती म्हणाली, "चला, टॅक्सी थांबून राहिली."

ह्यांचं काम संपलं. पत्राचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझं काम मात्र तिथून सुरू झालं. मेघानं आम्हाला नदीत बोटीनं फिरवलं, विहारात नेलं, घट्ट गोड दुधाची कॉफी पाजली. स्कुटरांच्या लोंढ्यातून रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवलं. हे मजेत होते. मी बघत होते ते पोरीच्या तोंडाकडे. तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात मी विचारलंच, "काय होतं वं पत्रात?"

"काही नाही आई. बँकेचं रुटीन."

सव्वीस वर्षं पोरांचं खोटं ऐकलेल्या बाईला हे सांगत होती! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नोकरी गेली तर गेली, आपली पोरगी आपल्याला तोंडावर खोटं बोलते, हे जास्त लागलं.

सातव्या दिवशी सकाळी ती आम्हाला तिथलं जुनं पोस्ट ऑफिस पाहायला घेऊन गेली. केवढी ती इमारत! पिवळी, उंच कमानीच्या छताची, आत लाकडी बाकं. लोक फोटो काढायला येतात तिथं. पण तिकिटंही विकतात आणि पत्रंही जातात. हे एका खिडकीजवळ थांबून शिक्का मारणाऱ्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिले. "हात बराबर हाये तिचा," म्हणाले.

मग आम्ही बाकावर बसलो. मेघा दोघांच्या मध्ये. तिनं बॅगेतून तो लिफाफा काढला. तो अजून बंदच होता!

"बाबा, फोडा."

"नाव तुझं हाये."

"मीच सांगून राहिली ना, फोडा म्हणून."

"नाही."

तिनं मान खाली घातली. "बाबा, मी रजेवर नाही. राजीनामा दिला मी. आठ महिने झाले. लोकांचे लेख तपासून देते, त्यावर भागते माझं. हे त्याचंच पत्र असन. तुमच्यापासून लपवून फोडायची हिंमत नव्हती."

"काहून वं?" माझा आवाज चढला, शेजारची माणसं वळून पाहायला लागली. "आम्ही काय खाऊन टाकलं असतं तुले? आठ महिने खोटं बोलून राहिली!"

मेघा रडायला लागली. हे तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय?" मी.

"गिरणी बंद झाली तेव्हा नोकरी गेल्याचे असे लिफाफे घरोघरी वाटले मी. पातळ, एका कागदाचे. लोक फोडायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहत. हा हातात आला तेव्हाच समजलं."

"मालूम होतं अन् सतरा दिवस माझा जीव टांगून ठेवला? बोलले काहून नाही?"

"मी बोललो असतो तर तिले सांगायले काय उरलं असतं?"

बत्तीस वर्षांच्या पोरीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी ते टेकू दिलं, पण आवाज मऊ केला नाही.

"राग येऊन राहिला मले. बहुत. तुझी नोकरी म्हणजे माझ्या बापाचं स्वप्न होतं. अजून काही दिवस राहीन हा राग."

"हो बाबा."

"कुठं राहणार हायेस आता? पत्ता काय तुझा?"

मेघानं डोळे पुसले. "पत्ता नाही बाबा. मार्चपर्यंत इथं, मग कुठं ते मलेच ठाऊक नाही."

हे म्हणाले, "मग नंदनवनचाच राहू दे. पत्र आलं की मी घेऊन येत जाईन. पासपोर्ट दहा वर्षांचा काढला हाये."