तळहाताएवढं मटण

लातुरात टँकर आठ दिवसांनी यायचा, त्याच दुष्काळात जिलानी टेलरच्या लघवीला फेस आला. शुगरसाठी भाकर सोडून तो तूप-मटणावर होता. आता किडनी गेली, या धास्तीनं त्याचा सुईत दोरा जाईना.

"मटण किती खाता?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमी सांगितलं तेवढंच, तळहाताएवढं."

"काढून दाखवा."

त्यानं खिशातल्या खडूनं टेबलावर तळहात गिरवला अन् सवयीनं भोवती शिवणीत दबणारी दोन बोटं माया सोडून दुसरी रेघ मारली.

"अवो, झंपर हाय का ते?" सोबत आलेली बायको खातूनबी म्हणाली. "दुप्पट झालं की."

बाईंनी बाहेरची रेघ पुसली. "प्रोटीन एवढंच. पाणी कमी पडलं तरी फेस येतो, भरपूर प्या. किडनीचं रक्ताच्या रिपोर्टवर उद्या कळेल."

घरी जिलानी रिकाम्या रांजणाकडं बघत बसला. खातूनबीनं आपल्या वाटणीच्या पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"प्या. माप काढू नका."