मच्छरदाणीखालची स्ट्रॉबेरी

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. म्हणूनच की काय, कॉलेजच्या प्रकल्पासाठी स्ट्रॉबेरीची रोपं आणली तेव्हा बाबांनी फारसं विचारलं नाही. विहिरीजवळचा भेंडीचा वाफा दिला. होळीपर्यंत फळ धरलं नाही तर तिथे पुन्हा भेंडीच लागेल, एवढंच म्हणाले आणि बियांची पुडी खुंटीला अडकवून ठेवली.

चिचगडकडच्या आमच्या गावात जंगल परसाच्या कुंपणाला लागूनच आहे. पहिल्याच आठवड्यात माकडांनी चार रोपं उपटली. मग बुलबुल कळ्या टोचू लागले. वर्गात तास चालू असायचा आणि माझं लक्ष परसात. एकदा मधल्या सुट्टीतच बस पकडून घरी आलो. वाफा होता तसाच होता. माय हसली.

शेवटी मलेरियासाठी गावात वाटलेली माझी मच्छरदाणी काढली. बांबूच्या कमच्या वाकवून ती वाफ्यावर ताणली, कडा मातीत दाबल्या. मी स्वतः डास मारत झोपू लागलो. आता आत काही शिरणार नाही, असं वाटलं. शिरलंही नाही. पण फुलं यायची, मधोमध काळी पडायची आणि वाळायची. मी पाणी वाढवलं, कमी केलं, पुस्तक पुन्हा वाचलं. बाबा वाफ्याकडे बघून पुढे जायचे. ते जास्त लागायचं.

एका सकाळी जाळीबाहेर मधमाशा मरून पडलेल्या मायनं दाखवल्या.

"मच्छर मारायचं औषध हाय तिले. माशा मरून राहिल्या न. कायले कोंडून ठेवलं रे झाडायले?"

परागीभवनावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती.

मच्छरदाणी त्याच दिवशी काढली. कुंपणाला मायच्या जुन्या साड्या बांधल्या. सकाळी माय राखण करायची, कॉलेजातून आल्यावर मी डबा वाजवत बसायचो. बसायचो म्हणजे काय, सारखा उठायचो.

होळीच्या चार दिवस आधी एक फळ लाल झालं. एका बाजूनं फुगलेलं, दुसरीकडून दबलेलं. कॉलेजातल्या मॅडमना दाखवायचं होतं, तरी आधी बाबांना दिलं. त्यांनी ते फिरवून पाहिलं, अर्धं खाल्लं, अर्धं मायला दिलं.

"आंबट हाय," म्हणाले. मग हात पुसत, "दुपारी माकडं आले होते. मी हाकललो."

भेंडीच्या बियांची पुडी अजून खुंटीलाच होती. मी डबा घेऊन परसात गेलो.