सुयांची भोकं चाटणारी सवत

जपानमधल्या आमच्या ओनोमिची गावात सगळ्यांना मांजरांचा लळा, पण आमच्या ह्यांचं, इवाकिचींचं, काही औरच. डायलिसिसहून आले की खाली शेगडी बसवलेल्या उबदार टेबलाखाली पाय सारायचे आणि हातावरची पट्टी काढायचे. मग आमची मांजर मिको सुयांची भोकं चाटत बसायची. मी ओरडले की म्हणायचे, "अगं, माझं दुखणं हिलाच कळतं." आणि मी इतकी वर्षं बिनमिठाचं रांधतेय ते कशासाठी?

एक दिवस त्यांना हुडहुडी भरून ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "मांजराच्या तोंडातला जंतू रक्तात गेलाय. असं क्वचितच होतं." घाबरायचं सोडून मला आधी बरंच वाटलं. सवत पकडली गेली होती!

त्यांच्या उशाशी मी अन्नाचा कणही न घेता बसून राहिले. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"मिको जेवली का गं?"